बबनभाऊंचा ताप

आमच्या कारखान्यात रजेचा अर्ज आधी कपाळावर पास व्हायचा, मग कागदावर. "ताप आहे" असं कोणी म्हटलं की बबनभाऊ हातातलं काम खाली ठेवत, पालथा हात त्याच्या कपाळाला लावत, डोळे मिटत आणि निकाल देत. "ह्यो ताप न्हाई, ह्यो कंटाळा हाय. जा मशीनवर."

लोणावळ्याच्या चिक्कीवाल्यांना लागणारी पुठ्ठ्याची खोकी आम्ही बनवतो. कारखाना परंदवडीच्या रस्त्याला. बबनभाऊ पहिल्या पाळीचे सुपरवायझर आणि मी हजेरी बघणारी. माणूस काटकुळा, पण मिशी दोघांना पुरेल एवढी. नोकरीला लागल्यापासून त्यांनी आजारपणाची एकही रजा घेतली नव्हती आणि हे ते रोज कोणाला ना कोणाला ऐकवायचेच. दरवर्षी पूर्ण हजेरीबद्दल कंपनी त्यांना स्टीलचा डबा द्यायची. एकदा त्यांच्या बायकोचा, मालनकाकींचा, मला फोन आला. "ताई, औंदा डबा नका देऊ. त्येवढी एक दिसाची सुट्टी द्या ह्यांना."

जुलै लागला की आमच्याकडे तापाची साथ यायची. पवनेकाठची अर्धी पाळी एकदम अंथरुणात! कारण भातलावणी. कंपनी लावणीला रजा देत नाही, तापाला देते. मग माणसानं करावं तरी काय? सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही. पण बबनभाऊ पडले तत्त्वाचे. पाळी सुटली की दोन केळी घ्यायची आणि आजाऱ्याला 'भेटायला' जायचं. आजारी गडी हमखास गुडघाभर चिखलात, हातात रोपांची जुडी. आता बबनभाऊ कडाडणार, असं वाटतं ना? छे! केळी बांधावर ठेवायची, पँट गुंडाळायची आणि खाचरात उतरून एक ओळ लावून द्यायची.

"उद्या ताप उतरंल न्हवं?"

"उतरंल, भाऊ."

"मग ठीक हाय."

अशा त्यांच्या ओळी निम्म्या मावळात लागल्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या खाचरात मात्र काकीच रोजाच्या बायका घेऊन लावणी उरकायच्या. "लोकांच्या चिखलात बरं जात्यात," काकी म्हणायच्या, "आपल्याच चिखलाला ह्यांना टाइम न्हाई."

मग कोरोना आला. चिक्कीला गिऱ्हाईक उरलं नाही, पण औषधांच्या खोक्यांचं काम मिळालं म्हणून कारखाना चालू राहिला. वरून फर्मान आलं की ज्याला ताप असेल त्यानं घरी बसायचं. झालं! दर जुलैला न चुकता तापणाऱ्या लोकांना आता साधी शिंक येईना. ताप निघाला तर दारात ॲम्ब्युलन्स उभी राहणार, गाव वाटेवर बांबू आडवे टाकणार, शेजारी तोंड फिरवणार. त्यापेक्षा ठणठणीत असलेलं बरं. एक जण तर खोकला दाबता दाबता लालबुंद झाला आणि म्हणाला, "हसू येतंय, भाऊ."

बबनभाऊंची पंचाईत झाली. खोटा ताप ओळखण्यात हयात गेली, आता खोटी तब्येत कशी ओळखायची? त्यात कपाळाला हात लावायची बंदी. त्यांच्या हातात ताप मोजायचं ते पिस्तूल आलं आणि ते गेटवर जो येईल त्याला गारठलेला दाखवायचं. "ताई," मला म्हणाले, "ह्याच्या हिशेबानं आपुन समदीच मेलोय."

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत सुनीतानं डबा उघडला. ही खोकी चिकटवायच्या डिंकाच्या लाइनवर काम करणारी, घरी दम्याची सासू. डब्यात इंद्रायणीचा भात होता. एरवी बबनभाऊ तो वास दारातून पकडायचे आणि "कुनी आनला रं इंद्रायणी?" करत घासभर मागून घ्यायचे. त्या दिवशी ते तिच्या शेजारून सरळ निघून गेले. सुनीता डबा घेऊनच उठली.

"भाऊ, वास येतोय का?"

"कसला वास?"

सगळ्या पाळीनं मास्क नाकावर चढवले. त्यांचे डोळे लाल होते, कपाळावर घाम होता. पण पिस्तूलच त्यांच्या हातात, त्यांना तपासणार कोण? सुनीतानं ते काढून घेतलं आणि त्यांच्यावरच रोखलं. आजवर कोणालाही जिवंत न धरणारं ते यंत्र कर्कश वाजलं.

"माजी सासू घरी धापा टाकती, भाऊ! तुमी हितं आलाच कशाला?"

"रेकॉर्ड मोडंल, सुनीता." आवाज अगदी बारीक.

"मोडू द्या की! मानसं तर ऱ्हातील."

मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्याहून जास्त कीव आली. लांब उभे राहून त्यांनी मलाच विचारलं, "ताई, रजेच्या अर्जात काय लिवायचं असतं?" आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज फेटाळलेला माणूस हा! "प्रकृती अस्वास्थ्यामुळे," मी सांगितलं. "लय अवघड हाय," ते म्हणाले, "नुसतं 'ताप हाय' लिवतो."

दोन दिवसांनी सुनीता त्यांच्या अंगणाबाहेर जाऊन उभी राहिली. दगडी गडग्यावर दोन केळी ठेवली आणि ओरडली, "भेटाया न्हाई, तपासाया आलेय! खिडकीत या!" भाऊ इतके हसले की खोकल्याची उबळ थांबेना. त्याच दिवशी त्यांना तळेगावला दवाखान्यात हलवून ऑक्सिजन लावावा लागला. डिंकाच्या लाइनवरच्या दोघीजणी तापानं पडल्या आणि उठल्या. सुनीताच्या सासूला काही झालं नाही, देवाची कृपा. बबनभाऊ परत आले तेव्हा निम्मे झाले होते, मिशी तेवढी शाबूत. रेकॉर्डचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. कोणी ताप म्हटलं की सवयीनं हात कपाळाकडे जायचा आणि मध्येच थांबायचा. "हाय म्हंतोस न्हवं? मग हाय. जा घरी."

ते निवृत्त व्हायच्या वर्षी, जुलैत, सकाळीच त्यांचा फोन आला. "ताई, आज येत न्हाई. ताप हाय."

पाळी सुटल्यावर मी दोन केळी घेतली आणि स्कूटी थेट त्यांच्या घरी, परंदवडीला. घराला कुलूप! पुन्हा दवाखान्यात नेलं की काय? मी घामाघूम. शेजारच्या मावशींनी नुसतं घरामागच्या शेताकडे बोट केलं.

मालनकाकी बांधावर ऐसपैस बसून चहा पीत होत्या आणि खाचरात, गुडघाभर चिखलात, बबनभाऊ! मला बघताच त्यांनी जुडी पाठीमागे लपवली आणि एकदा खोकून दाखवलं. इतका वाईट खोकला मी आजवर ऐकला नव्हता.

"तपासाया आला का, ताई?"

"नाही हो. भेटायला."

मी केळी बांधावर ठेवली आणि सलवार गुंडाळायला लागले. काकींनी मला बशीत चहा ओतला.

"बरं झालं आलात," त्या म्हणाल्या. "लय ताप हाय ह्यांना. समदं खाचर लावून हुईस्तवर काय उतरत न्हाई."