अप्पांनी कबूल केलेली चूक

"पहिली घागर कोण भरतं?"

बंद पडलेला हापसा दुरुस्त करायला गावात शिरले की अप्पा हाच प्रश्न विचारत. सरपंच पुढे येत, पोलीस पाटील खुर्ची मागवत. अप्पा खुर्चीला हात जोडत आणि प्रश्न पुन्हा विचारत. मग कोणीतरी एखाद्या बाईला बोलावून आणी. ती घाबरलेली असे, कारण सरकारी माणसाने बोलावले म्हणजे काही तरी चुकले असणार. अप्पा तिला विचारत, "अव्वा, पहाटं किती डाव हापसल्यावर पानी येत होतं? दहा? ईस? आन मागच्या म्हैन्यात?" ती आकडे सांगे. अप्पा मान हलवत आणि हापशाचे झाकण उघडायच्या आधीच जीपमधल्या मदतनिसाला सांगत, "खालचे वायसर गेलेत. तेवढेच काढ पेटीतून."

त्यांचा अंदाज चुकलेला मी पाहिला नाही. रात्रभर न वापरलेल्या हापशातले पाणी कुठवर उतरले आहे, हे फक्त पहिल्या घागरीला कळते, असा त्यांचा हिशेब होता. "सरपंचाला काय ठावं? त्येच्या घरी पानी चालत येतंय," असे ते म्हणत. सरपंच जवळ असले तरी आवाज कमी करत नसत.

अप्पा उदगीरचे. लिंगायत, उंच, किडकिडीत, कपाळावर भस्माचे पट्टे आणि खाकी शर्टाच्या खिशात वायसरांची पुडी. बोलण्यात मराठी, दखनी आणि कानडी यांची सरमिसळ. पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्ती पथकात ते फिटर होते. मी तेव्हा नांदेडच्या एका दैनिकात नवा वार्ताहर होतो. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांवर जुन्या जिल्ह्याचे नाव नव्या रंगाखालून अजून दिसत होते. निम्मी कागदपत्रे इकडे, निम्मी तिकडे. त्यातच पावसाने दगा दिला. नव्या जिल्ह्यात सरकारी पैसा कसा पोहोचतो, यावर लिहायला संपादकांनी मला पाठवले आणि कोणत्याही साहेबापेक्षा अप्पांची जीप आत आतपर्यंत जाते, हे मला दुसऱ्याच दिवशी कळले.

दुष्काळात सरकारने बोअर घेतले होते, गावोगाव हापसे बसवले होते. दुरुस्तीला मात्र तालुक्याला एक पथक. म्हणून प्रत्येक मोठ्या गावातल्या एका तरुणाला दुरुस्ती शिकवायची आणि हत्यारांची पेटी द्यायची, अशी योजना आली. शिकवायचे काम अप्पांकडे आले. त्यांनी मन लावून शिकवले. वर्षभरात शिकलेल्यांपैकी बहुतेक जण गावात राहिले नाहीत. हातात कसब आले, गावात काम नव्हते. कोणी हैदराबादला गेले, कोणी पुण्याला. पेट्याही सोबत गेल्या.

"त्यांची गलती न्हाई," अप्पा मला म्हणाले. "पोट घेऊन गेले बिचारे. सरकारनं हापसा दिला, पाना दिला. पर गावात टिकून राहनारा मानूस खर्चाच्या कोन्त्या हेडातून देनार?"

देवणीकडच्या एका वाडीत त्यांना तो माणूस सापडला. वाडीचे नाव मुद्दाम देत नाही, तिथे सगळेच एकमेकांना ओळखतात. नेहमीप्रमाणे त्यांनी पहिल्या घागरीची चौकशी केली आणि गयाबाई पुढे आली. बौद्धवाड्यातली, पंचविशीची, दोन मुलांची आई. ती रोज अंधारात येई, कारण उजाडल्यावर आली तर तिचा नंबर सगळ्यांच्या शेवटी लागे. अप्पांनी विचारले, किती डाव हापसावे लागते? ती म्हणाली, "चाळीस. आन पंचवीस झाले की आतून कुई करून आवाज येतोय. त्यो आवाज आधी नव्हता. साखळी घासून राहिलीय वाटतं."

अप्पांनी झाकण उघडले. साखळी घासत होती.

"अव्वा, पाना धरशील का?" त्यांनी तिथल्या तिथे विचारले.

ती हसली. "पाना काय, धरंन की. पर सासऱ्याला इचारा."

सासरा रामजीबाबा. एका गिरणीत हमाली केलेला, आता गुडघेदुखीने घरी बसलेला माणूस. अप्पा त्याच्या दारात गेले आणि खाली जमिनीवर बसले. मी उंबऱ्याबाहेर उभा होतो. आत फार बोलणे झाले नाही. रामजीबाबा शेवटी एवढेच म्हणाला, "लोक हसतील." अप्पा म्हणाले, "हापसा चालू होईस्तवर हसतील." मग चहा आला आणि अप्पा तो प्याले. त्या घरात कोणी लिंगायत माणूस चहा प्यायल्याचे वाडीत त्या दिवसापर्यंत कोणी पाहिलेले नव्हते.

साहेबांना पटवणे अधिक कठीण गेले. गटविकास अधिकारी माणूस वाईट नव्हते, पण त्यांना कागदाची भीती होती. योजनेत 'ग्रामीण युवक' असा शब्द होता. बायकांना शिकवले आणि फसले, तर जाब कोण देणार? शेवटी त्यांनी अट घातली. गयाबाई आणि तिच्याबरोबर शिकणाऱ्या आणखी तीन बायकांनी त्यांच्या समोर वाडीतला हापसा पूर्ण उपसून, दुरुस्त करून, पुन्हा बसवून दाखवायचा. जमले तर सनद आणि पेटी. नाही जमले तर यापुढे या तालुक्यात बायकांचे नाव काढायचे नाही.

दोन महिने अप्पांनी त्यांना शिकवले. हापशाचे पाइप एकाला एक जोडून खोल बोअरात लोंबकळत असतात आणि पाण्याने भरलेले असतात. ते वर काढायचे तर तिघीचौघींनी लांब दांड्यांचे पाने पाइपाला लावून एका दमात उचलायचे. उचलताना पाइपाला आवळणारी जमिनीवरची पकड सैल ठेवायची, पाइप वर आला की घट्ट करायची. त्या मधल्या क्षणात सगळे वजन फक्त हातांवर असते. अप्पा ओरडत, "आता तुमच्या हातात गाव हाय! सोडू नगा!" बायका हसत. पण सोडत नसत.

परीक्षेच्या दिवशी साहेबांची जीप आली. झाडाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. निम्मी वाडी जमली होती. गयाबाईने झाकण काढले, साखळी सोडवली, सळ्या सोडवल्या. पहिला पाइप वर आला, पकड घट्ट झाली, पाइप फिरवून सुटा केला आणि बाजूला ठेवला. दुसरा आला. तिसऱ्याला चौघींनी दांड्या धरल्या, पकड सैल केली आणि उचलायला सुरुवात केली.

त्याच वेळी रामजीबाबा आला. अंगात धुतलेला सदरा, हातात चहाची किटली. आपल्या सुनेचे काम बघायला साहेब आले आहेत, मग त्यांना चहा आपल्याच घरचा मिळाला पाहिजे, असे त्याला वाटले होते. खुर्च्यांकडे जाताना तो हापशासमोरून गेला.

गयाबाईचा पदर काम करताना डोक्यावरून ढळला होता. समोर सासरा दिसताच तिचा उजवा हात दांडी सोडून पदराकडे गेला. तिच्या वाट्याचे वजन उरलेल्या तिघींवर आले. त्यातल्या एकीचा तो चुलतसासरा, तिचाही हात वर गेला. पाइप एकदम खाली घसरला. दांड्या फिरल्या, बायका मागे पडल्या आणि बोअरातून लांबवर घरंगळत गेल्यासारखा आवाज आला.

साहेबांची त्या क्षणी हापशाकडे पाठ होती. ते मागे वळून कोणाशी तरी बोलत होते. अप्पांनी सगळे पाहिले होते. मीही पाहिले होते. रामजीबाबा किटली हातात धरून तसाच उभा राहिला. काय झाले हे त्याला सगळ्यांच्या आधी कळले असावे.

"काय झालं?" साहेबांनी विचारले.

"माझी गलती झाली, साहेब," अप्पा म्हणाले. "पकड तपासायचं काम माझं. ढिली होती. ध्यान न्हाई राहिलं."

साहेब चिडले. वाडीला दुसरा हापसा नव्हता. भर उन्हाळ्यात आता टँकरवर आणि शेजारच्या गावच्या वाटेवर जगायचे. कोणीतरी मागून म्हणाले, "बायकांच्या हातात गाव दिलं की असंच." अप्पा त्या माणसाकडे वळून म्हणाले, "बायकांनी न्हाई सोडलं. मी सोडलं. मला बोल." आणि जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून तसे लिहून दिले. खाली सही केली. साहेबांनी परीक्षा रद्द केली नाही, आठ दिवस पुढे ढकलली. तीही पाइप निघाला तरच.

बोअरात पडलेला पाइप काढायला एक खास पोलादी गळ लागतो. तो पाइपच्या तोंडात फिरवून आटे पाडून घट्ट बसवायचा असतो. तालुक्यातला गळ वाटणीत जुन्या जिल्ह्याच्या भांडारात राहिला होता आणि तिथला भांडारपाल नव्या जिल्ह्याचे पत्र मागत होता. अप्पांनी पत्राची वाट पाहिली नाही. नांदेडला त्यांचा एक जुना सोबती होता, त्याच्याकडे तसाच गळ होता. दुसऱ्या दिवशी ते एसटीने नांदेडला आले आणि संध्याकाळच्या गाडीने परत निघाले. मीही त्या गाडीत होतो. गळ त्यांनी धोतराच्या फडक्यात गुंडाळून मांडीवर धरला होता. कंडक्टरने विचारले, "अप्पा, नातू का?" ते म्हणाले, "पोलादाचा हाय. रडत न्हाई."

मुखेडच्या पुढे मी त्यांना म्हणालो की, मी पाहिले आहे. खरे काय ते छापले पाहिजे.

"काय छापनार?" त्यांनी विचारले. "सासरा बघून सुनेनं पाइप सोडला? लोक धा वर्सं हसतील. पुन्हा कोनी बाई पान्याजवळ फिरकनार न्हाई. तो म्हातारा तर मरंल. बिचारा चहा घेऊन आला होता." मांडीवरचा गळ सावरत म्हणाले, "आन खरं सांगू? गलती माझीच. दोन म्हैने शिकवलं, हे कधी ध्यानातच आलं न्हाई. म्या वजन शिकवलं, पदर शिकवला न्हाई."

"तुमच्या बढतीचं काय?" त्यांचे नाव पर्यवेक्षकाच्या यादीत होते, हे मला कचेरीत समजले होते.

"साकु," ते म्हणाले. म्हणजे पुरे.

मी बातमी दिली. चार ओळींची. प्रशिक्षकाच्या निष्काळजीपणामुळे हातपंप बंद, ग्रामस्थांचे हाल. लेखी कबुली होती, सही होती. बातमी म्हणून तिच्यात काही उणे नव्हते.

गळाने पाइप धरायला दोन दिवस लागले. तो वरून दिसत नाही, सगळे हाताच्या बोटांना समजावे लागते. पहिला दिवस अप्पांचा गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी दांडी गयाबाईच्या हातात दिली. दुपारी तिने डोळे मिटले आणि हळूच म्हणाली, "बसला." या वेळी उचलताना रामजीबाबा मुद्दाम समोर येऊन बसला होता. गयाबाईचा पदर कमरेला खोचलेला होता आणि तिने सासऱ्याकडे सरळ पाहिले. तो मान खाली घालून तंबाखू मळत राहिला. साहेबांनी सनद आणि पेटी दिली.

पुढे अप्पा जिथे जिथे बायकांना शिकवायला गेले, तिथे त्यांनी एक धडा वाढवला. पाइप अर्धा वर आला की गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्याला ते समोरून चालायला लावत. "मामा, जरा खोकत खोकत या. थाटात या." बायकांच्या दांड्या हसण्याने हलत, पण सुटत नसत. एका गावात तो मान मिळवायला दोन म्हातारे भांडले होते.

अप्पांना ताकीद मिळाली. पर्यवेक्षकाच्या यादीतून नाव गेले आणि पुन्हा आले नाही. ते फिटर म्हणूनच निवृत्त झाले. मी नांदेडला डेस्कवर बसू लागलो. भेटी कमी झाल्या.

ते गेल्याचे कळले तेव्हा मी उदगीरला गेलो. त्यांच्या रिवाजाप्रमाणे त्यांना बसवून माती दिली होती. तिसऱ्या दिवशी घरापुढे सतरंजीवर माणसे बसली होती. त्यात केस पिकू लागलेली गयाबाई होती. तिच्याकडे आता आसपासच्या सगळ्या वाड्यांचे हापसे होते. तिने मला ओळखले.

"एक इचारू का, दादा?" ती म्हणाली. "अप्पा इतके हुशार. ते सायब का झाले न्हाईत?"

तिला माहीत नव्हते. मी सांगितले. त्या कबुलीपायी यादीतून गेलेले नाव आणि माझी बातमीसुद्धा. ती सतरंजीचा धागा ओढू लागली.

"पाइप पडला त्या दिशी मी सांजच्याला गेले होते त्यांच्याकडं," ती म्हणाली. "म्हनलं, सायबाला खरं सांगते. तर म्हनले, आधी पाइप काढ, मंग बोलू. पाइप निघाला. मंग ते बोललेच न्हाईत."

"आता काय करायचं?" मी विचारले.

तिने डोळे पुसले नाहीत. "करायचं काय? ल्हिवा. पाइप गयाबाईच्या हातनं सुटला, आन तिनंच काढला. म्हातारा बी आता न्हाई, अप्पा बी न्हाई. मला कोन हसतंय?"

या दोन्ही गोष्टी मी जवळ उभा राहून पाहिल्या होत्या. माझ्या बातमीत त्यातली एकही नव्हती.