सुटा साबण

आमच्या घरात सुटा साबण आणायची पद्धत मी पाडली. निवृत्तीनंतर वाचन वाढलं. कचऱ्याविषयी वाचता वाचता घरातल्या शाम्पूच्या, भांड्यांच्या साबणाच्या प्लास्टिक पिशव्या मला सलू लागल्या. त्याच सुमाराला राजारामपुरीतल्या एका दुकानदारानं नळ लावलेले ड्रम ठेवले. आपली बाटली न्यायची, भरून आणायची. मी बायकोला म्हटलं, यापुढं घरात एकही पिशवी येणार नाही. ती बरं म्हणाली.

आणायचं काम तिचंच. बाटल्या धुऊन ती गॅलरीच्या कठड्यावर उलट्या वाळत घाली; आत पाणी राहिलं तर साबण पांचट होतो. त्या घेऊन निघाली की समोरची शेजारीण हमखास विचारी, "काय काकू, रॉकेलला निघालासा काय?"

"व्हय की! तुमचं कार्ड द्या, तुमचंबी आणते."

मला तिचा अभिमान वाटे.

ती वारल्यावर तिनं आणलेली शेवटची बाटली मी पुरवून वापरली. संपली तेव्हा धुऊन, वाळवून स्वतः निघालो. दुकानासमोर गटारीसाठी रस्ता उकरला होता, म्हणून बोळातून मागच्या दारानं शिरलो. ड्रम तिथंच होता. त्याच्या तोंडावर कोपरे कापलेल्या पिशव्या निथळायला उलट्या लावल्या होत्या. खाली रिकाम्या पिशव्यांचा ढीग. कुठल्याही दुकानात मिळतात, त्याच.

"हे काय आहे?"

दुकानदारानं हातातली कात्री खाली ठेवली. "बसा की सर. सुटा माल यायचा बंद झाला. कंपनीवाले गिऱ्हाईक न्हाई म्हणाले. तुमच्यासारखी दोन-चार घरं येत होती, त्यांना न्हाई कसं म्हणायचं? म्हणून पिशव्या फोडून ड्रम भरतोय."

"माझ्या बायकोला फसवलंत तुम्ही. उन्हातान्हात यायची ती."

"काकूंना ठावं होतं की," तो म्हणाला. "त्यांनी डोळ्यानं बघितलंतं. मीच म्हटलं, सरांना सांगून टाकतो. तर म्हणाल्या, अजिबात सांगू नका. त्यांचा जीव रमलाय त्यात, राहू दे."

"कधीची गोष्ट?"

"लई दिवस झालं."

मी विचारलं, "हे सांगताना हसली का ती?"

"हसल्या की. आम्ही दोघंबी हसलो."

त्यानं बाटलीसाठी हात पुढं केला. मी दिली नाही.

त्याच्यावर रागवावं असं काही उरलं नव्हतं. तो त्याचं दुकान चालवत होता. जिच्याशी भांडायचं होतं, तिच्याशी आता भांडता येत नव्हतं. रस्ताभर मी तिची एकेक फेरी आठवत राहिलो. भरलेल्या बाटल्या ओट्यावर ठेवून ती "आणला हो साबण" म्हणायची, आणि मी पुस्तकातून मान वर करून समाधानानं बघायचो. ती मला तसं बघू द्यायची.

संध्याकाळी मेहुणी भेटायला आली. चहा झाल्यावर तिनं बहिणीच्या आठवणी काढल्या आणि नेहमीप्रमाणे मी काही सांगेन म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी कप उचलून आत नेले आणि साबण नव्हता म्हणून नुसत्या पाण्यानं विसळले.