आवरलेली खोली

माझी धाकटी जाऊ मोजे विणायची. दीर गेले ते मागे हाताने फिरवायचं एक यंत्र आणि दोन-तीन शाळांची ओळख ठेवून. तेवढ्यावर बाईने पंचवीस वर्षं पोराटोरांचे पाय झाकले. तिच्या खोलीत सुताचं तूस इतकं उडायचं, की चहातही सापडायचं. मी म्हणायची, "अगं, चहा गाळून तरी देत जा." ती म्हणायची, "गाळलाय, जाऊबाई. हे नंतर पडलं."

मग साथ आली आणि शाळांना कुलपं लागली. शाळाच नाही तर मोजे कोण घालणार? तरी रोज सकाळी ती एखादा जोड विणायचीच. "सुया गंजल्या तर मीही गंजेन," म्हणायची. जोड पेटीत पडून राहायचे. भंगारवाला यंत्रावर डोळा ठेवून दोनदा येऊन गेला.

तेवढ्यात कळलं, घरगुती धंद्यांना सरकार मदत देतंय. अट एकच, धंदा चालू हवा. साहेब स्वतः येऊन बघणार. मदत मिळाली तर नवं सूत येणार आणि यंत्र घरात राहणार, नाहीतर भंगारवाला होताच.

आदल्या दिवशी मीच पदर खोचला. मोठा माणूस येणार आणि खोलीचा हा अवतार? दोघींनी कोपरान् कोपरा झाडला, पोतंभर तूस निघालं. अर्धा विणलेला मोजा उतरवला, सुताची रिळं पेटीत घातली, यंत्राला तेलपाणी करून वर धुतलेली चादर घातली. धाकटी यंत्राकडे बघून म्हणाली, "लग्नात मलासुद्धा एवढं कुणी नटवलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. तोंडाला मास्क, हातात कागद. चादर उचलून त्यांनी आत डोकावलं.

"कधीपासून बंद आहे?"

"बंद कुठलं? कालपर्यंत विणत होते. तुम्ही येणार म्हणून आवरलं."

"अहो मावशी, इथे धाग्याचा तुकडा नाही."

तिने पेटीतले जोड दाखवले.

"हे जुनेही असतील."

"थांबा, चालवूनच दाखवते!"

पण यंत्राला सुया चौऱ्याऐंशी. एकेकीवर धागा चढवत सगळ्या भरायला तास जातो, त्यात तेलाने बोटं घसरत होती. साहेबांना अजून बरीच घरं गाठायची होती. माणूस वाईट नव्हता. "मला दिसतं तेच लिहावं लागतं," म्हणाला आणि खाली बघत लिहून गेला. ती पाठमोरीच होती, अकराव्या सुईवर.

मदत आली नाही. महिन्याभरात भंगारवाला हातगाडी घेऊन आला.

धाकटीने मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

परवा तिच्याकडे गेले. तिने चहा दिला. मी कप उजेडाकडे धरला.

"काय शोधताय, जाऊबाई?"

चहा अगदी नितळ होता.