मामांसाठी पिकत घातलेली पपई

आमच्या लग्नानंतर देवाला जे बकरं कापलं, त्या बकऱ्यानं संस्थानाचा काळ पाहिलेला होता. लोक म्हणतात, मी तिखटमीठ लावून सांगतो. त्यांनी ते मटण खाल्लेलं नाही. सकाळी चढवलेलं पातेलं दिवेलागणीपर्यंत रटरटत होतं, आमच्या बोळातली निम्मी लाकडं जळून गेली, तरी फोडी आपल्या हट्टाला कायम. आणि त्यातली सगळ्यात हट्टी फोड नेमकी माझ्या सासऱ्यांच्या ताटात गेली. मामांचे दात नुकतेच पडले होते. त्यांनी ती फोड या गालातून त्या गालात बराच वेळ फिरवली, शेवटी हळूच काढून ताटाच्या कडेला दडवली. पंगतीतल्या कुणीतरी ते बघितलं आणि खदाखदा हसलं. झालं. मामा तसेच उठले, हात धुतले आणि उंबऱ्यात उभं राहून म्हणाले, "ह्या घरातलं अन्न मला न्हाय."

कबनूरला त्यांचे माग होते. मागांच्या खडखडाटात शेजारचा माणूस काय बोलतोय ते कळत नाही, पण मामांचा राग मला शिवाजी पेठेत बसून ऐकू यायचा. त्यांनी लेकीला ये म्हटलं नाही. पंचमीला पेठेतल्या साऱ्या सासुरवाशिणी माहेरी गेल्या आणि माझी बायको घरामागच्या परड्यात धुतलेलं धुणं पुन्हा धूत बसली. दिवाळीलाही तेच. तिनं मला एका शब्दानं टोचलं नाही. त्यामुळंच मला घरात बसवेना आणि बाहेर करमेना.

मग एकदा कबनूरचा एक ओळखीचा माणूस निरोप घेऊन आला. मामा रविवारी पेठेतच एका सोयऱ्याकडं बारशाला येणार होते. उभ्या उभ्या लेकीला बघून जातो, पाण्याबिगर काही घेणार नाही, असं त्यांचं म्हणणं. बायको मला म्हणाली, "फळाला न्हाय म्हणायचे न्हाईत. उपासाला बी चालतंयच की."

दात नसलेल्या माणसाला फळ कुठलं, तर पपई. मी त्याच निरोप्याला सांगून टाकलं की जावयानं मामांसाठी अशी पपई पिकत घातलीय की तिच्या वासानं पंचगंगेतले मासे काठावर येतायत. तोवर पपई मंडईतच होती. पण दोन दिवसांत उलटा निरोप आला. पपई तेवढी खाईन, बाकी काही नाही.

आता आली का पंचाईत! मी मंडईत धावलो. बागवान चाचीच्या पाटीत बुडाशी पिवळी रेघ फुटलेल्या बेताच्या पपया होत्या, आणि एक होती हिरवीगार, पैलवानाच्या पोटरीएवढी. मी तिला टिचकी मारली, कानाला लावली, मोठ्या जाणकारासारखी मान डोलावली. चाची म्हणाली, "पावणं, ती भाजीची हाय. खायाला ही न्या." पण बारक्या पपईनं मामांचा मोठा राग कसा जायचा? मी मोठीच उचलली.

बायकोनं ती वर्तमानपत्रात गुंडाळून तांदळाच्या डब्यात घातली आणि बजावलं, हात लावायचा नाही. शेजारच्यांनी सांगितलं, चाकूनं उभ्या चिरा मारा, चीक गळाला की लवकर पिकतं. मी चाकू घेऊन बसलोही. तिनं तो काढून घेतला. "चिरू नका. ऱ्हाऊ द्या तशीच."

माझ्या जिवाला चैन कुठली. ती पाणी भरायला गेली की मी डबा उघडायचा, कागद सोडायचा, अंगठ्यानं दाबायचं, वास घ्यायचा, पुन्हा गुंडाळायचं. घरभर तांदूळ सांडायला लागले. तिला वाटलं उंदीर झालेत. उद्यमनगरात मी लेथवर कामाला होतो. तिथंही डोळ्यापुढं पपईच. मेस्त्रींनी विचारलं, हा शाफ्ट मधेच असा का फुगलाय? जेवणाच्या सुट्टीत सायकल हाणत घरी यायचो, दाबायचो, उपाशीच परत जायचो. डब्यात पपई पिकायची तेव्हा पिको, बाहेर मी वाळत चाललो होतो.

रविवारी सकाळी कागद सोडला. पपई दगड. सगळ्या अंगावर माझ्या अंगठ्याचे खळगे तेवढे. मी मंडईकडं पळालो, तर चाचीची जागा रिकामी, आणि बाकीच्या पाट्यांत केळी आणि पेरू. पपई कबूल करून केळं पुढं केलं असतं, तर कबनूरपासून हातकणंगल्यापर्यंत माझी वरात निघाली असती. तसाच परत आलो. बायकोनं पपई मधोमध चिरली होती. आत पांढरा गर, पांढऱ्या बिया, आणि कडेनं दुधासारखा चीक. ती त्या चिकाकडं बघत उभी होती.

"मटण आणा," ती म्हणाली.

त्याच घरात, त्याच माणसापुढं, मटण? मी तिला बकऱ्याची आठवण करून दिली, मामांच्या गालाची करून दिली. ती म्हणाली, "आणा म्हणते न्हवं."

ते आणलं तसं तिनं कच्ची पपई सालासकट पाट्यावर वाटली, मटणाच्या फोडींना चोळली, आणि मला स्वयंपाकघरातून हाकललं. मी बोळाच्या तोंडापर्यंत जायचो आणि परत यायचो. आमच्या बोळातली फरशी अजून तिथं झिजलेली दिसेल.

मामा आले. टोपी काढली नाही, पाठ टेकली नाही, खाटेच्या कडेवर बसले. पाणी घेतलं. मग म्हणाले, "कुठाय ती पपई?"

मी पपईचं खानदान सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात बायको बाहेर आली आणि तिनं त्यांच्यापुढं वाटी ठेवली. वर लाल तर्री, खाली फोडी.

"ही पपई?"

"व्हय आबा. वाटून घातलीया, सगळीच्या सगळी." तिनं वाटी जराशी त्यांच्याकडं सरकवली. "पपई खाईन म्हणालासा न्हवं तुम्ही?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी तुळईकडं बघितलं. मामांनी वाटीकडं बघत एक फोड उचलली आणि तोंडात टाकली. मी त्यांच्या गालावरची नजर काढली नाही. आता ती फोड त्या गालात जाणार, मग या गालात येणार. पण ती कुठं गेलीच नाही. या गालातच विरघळली. कच्च्या पपईच्या चिकानं तिचा सगळा हट्ट मोडला होता. त्यांनी दुसरी घेतली, मग तिसरी. वाटी तोंडाला लावून रस्सा संपवला. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि कुणाकडंच न बघता विचारलं, "भाकरी हाय का गं?"

ती आत गेली. आतून भाकरी थापायचा आवाज सुरू झाला. मग भाकरी आली, वाटी पुन्हा भरली, आणि मामा पाठ टेकून जेवले.

निघताना चपला घालत ते लेकीला म्हणाले, "पंचमीला न्यायला येतो." मग माझ्याकडं वळले. "पावणं, पपई ब्येस निवडलीसा."

"मामा," मी म्हणालो, "मुद्दामच कच्ची घेतलीती."

आत बायकोनं एक भांडं जरा जोरातच आपटलं.