वैशालीनं पुसलेली माणसं

फोटो स्टुडिओत किस्से शोधायला जावं लागत नाही. गिऱ्हाईकच घेऊन येतं, आणि बहुतेक वेळा ओरडत येतं! पांढरकवड्याच्या आमच्या स्टुडिओत शूट झाल्यावर फोटो निवडणं, रिटचिंग, अल्बम, डिलिव्हरी, सगळं मी बघतो. रिटचिंग करते वैशाली. हात भन्नाट, पण पोरीला पुसायची भारी हौस! या सीझनला गोष्ट तिच्या नोकरीवरच आली. घरात कमावणारी ती एकटी, त्यामुळं माझाही जीव टांगणीला लागलेला.

*

झरी जामणीकडचं लग्न होतं. वैशालीनं सगळ्यांची कातडी एका झटक्यात गुळगुळीत करून टाकली. त्यात नवरीच्या आजीच्या कपाळावरचं गोंदणही डाग समजून गेलं! अल्बम न्यायला आजी स्वतः आली. फोटो बघितला, स्वतःचं कपाळ चाचपलं.

"मेल्यावर हेच तं सोबत येते बाई. अन् तून जित्तेपनीच पुसलं!"

वैशाली रडायलाच लागली. गोंदण परत आणून सगळे फोटो नव्यानं छापून दिले, पण त्याचा खर्च आमचे मालक दिलीपभाऊ यांच्या खिशातून गेला.

*

मग एक प्री-वेडिंग. जोडपं तुरीच्या पिवळ्या फुलांत, मागं पाठीवर फवारणीचा पंप घेतलेला एक माणूस. वैशालीनं तो सफाईनं उडवला. मीही शाबासकी दिली, बाप्पा! फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर गावभर फिरला आणि दुसऱ्या दिवशी तो माणूस स्टुडिओत हजर.

"वावर माह्यं, तूर माही, अन् फोटोतून मीच गायब? काहून?"

त्याला चहा पाजला, त्याचा एक छान फोटो काढून दिला. तो गेल्यावर दिलीपभाऊ मला म्हणाले, "पोरगी कामाची हाय, पन आपल्याले बुडवून राह्यली."

*

ग्रुप फोटोत कोणाचे डोळे मिटलेले असले, की दुसऱ्या फोटोतले त्याचेच उघडे डोळे आणून बसवायचे, हे आमचं रोजचं काम. एका मामांनी मात्र अख्ख्या लग्नात एकाही फोटोत डोळे उघडले नव्हते! डिलिव्हरी तोंडावर. वैशालीनं काय करावं? शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या मोठ्या भावाचे डोळे लावून दिले! मला कळलं नाही, दिलीपभाऊंना कळलं नाही. मामींना मोबाइलवर बघूनच कळलं.

"हे माह्या नवऱ्याचे डोये नोहेत. हे तं भासऱ्याचे हायेत!"

दिलीपभाऊंनी फोन ठेवला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "आता एक जरी अल्बम वापस आला, तं वैशाली घरी."

*

त्यानंतरचंच काम महागावच्या बाबारावांचं, त्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न. अल्बम छपाईला जाणार, तेवढ्यात बाबाराव फोनवर कडाडले.

"माह्या मोठ्या पोराले सगळ्या फोटोतून काढा! एकाही पानावर दिसला नाई पायजे!"

लग्न उरकताच बापलेकांत काहीतरी पेटलं होतं. थोरला बायकोपोरं घेऊन घर सोडून गेला होता.

आणि तो थोरला तर जिथं बघावं तिथं! वरातीत घोड्याचा लगाम धरून, पंगतीत वाढताना, धाकट्याला खांद्यावर घेऊन नाचताना. वैशाली मान वर न करता बसली. मी एकेक पान झूम करून तपासत होतो. कुठं कोपर उरलं, कुठं सावली. एका पानावर नवरदेवाच्या खांद्यावर नुसतीच चार बोटं राहिली होती! ती अगदी शेवटी सापडली, तीही पुसली. अल्बम गेला.

आठवड्यानं बघतो तर बाबाराव दारात. बगलेत तोच अल्बम!

दिलीपभाऊ खुर्चीतून उठले. वैशालीनं तर पर्ससुद्धा उचलली.

"काय झालं बाबाराव?" मी विचारलं. "दिसला का कुठं?"

"नाई. कुठीच नाई."

त्यांनी अल्बम टेबलावर ठेवला आणि वैशालीकडे बघितलं.

"पोरी, त्याले तूनच काढलं ना? मंग ठेवलं कुठी?"