दाजींचं झोपेचं वेळापत्रक

आमच्या दाजींइतका झोपेचा विचार केलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा सापडायचा नाही, आणि त्यांच्या घरात कुणाला धड झोप मिळाली असंही कधी झालं नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. बेंबळीकडच्या एका गावात मास्तर होते. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले, ते राज्य गेल्यावर मराठीतून शिकवायला लागले, आणि जुन्यातून नव्यात येताना त्यांनी एकच चीज जपून बरोबर आणली, ती म्हणजे 'वक्त'. "वक्त म्हंजे वक्त, पाव्हणं," असं ते मला सुनवायचे. मी त्यांचा एकुलता एक मेव्हणा. धाराशिवला कचेरीत नुकताच कारकुनीला चिकटलो होतो. रविवारी बहिणीच्या हातचे चार घास सुखानं खावेत म्हणून जायचो आणि दर खेपेला वक्तावर व्याख्यान ऐकून परत यायचो.

लग्नाला सात वर्षं झाल्यावर त्यांच्या घरात पाळणा हलला. मुलगी झाली. बारशाच्या आधी भिंतीवर तिचं वेळापत्रक लागलं. पुठ्ठ्यावर, बोरूनं, झोकदार वळणात: पहिली झोप नऊ ते साडेदहा, दुसरी झोप दीड ते तीन. शेजारी शेऱ्याचा रकाना. त्यात 'कुरकूर', 'चालढकल', क्वचित 'समाधानकारक' असं काहीबाही लिहिलेलं असायचं. पोर सहा महिन्यांची असताना एका मंगळवारापुढं 'वर्तणूक सुधारावी' असा शेरा मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचला आहे. मी हसलो तर दाजींना वाईट वाटलं. "मूल म्हंजे पहिलीच्या खालची इयत्ता असती," ते म्हणाले. "तिथंच पाया कच्चा राहिला तर पुढं मास्तर तरी काय करणार?" शाळा तपासायला मोठे साहेब आले होते त्या दिवशीसुद्धा दीडला पाच कमी असताना दाजी उठून उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही चालू ठेवा, मी पोरीला निजवून येतो." साहेब बिचारे वर्गात एकटे बसून राहिले. दाजींची नोकरी कशी टिकली, देव जाणे.

त्यांच्याकडं लग्नात आलेलं एक टाइमपीस होतं. पोरगी दीडला झोपायची म्हणून ते दीडचा गजर लावायचे. ती बिचारी सव्वालाच दमून झोपलेली असायची. मग गजर व्हायचा, पोर दचकून उठून टाहो फोडायची, आणि दाजी समाधानानं गजर बंद करून म्हणायचे, "चला, वक्त झाला, हिला निजवू या." मी एकदा म्हणालो, "अहो दाजी, ती झोपलीच होती की." त्यावर ते म्हणाले, "बेवक्त झोपली होती ती." आता या माणसापुढं डोकं आपटावं तरी किती?

निजवायची त्यांची रीतही न्यारी. आक्काला अंगाई म्हणू द्यायचे नाहीत, कारण अंगाई कुठं संपते याचा नेम नसतो. ते स्वतः झोळीची दोरी हातात घेऊन पाढा म्हणायचे, तोही एकोणतीसचा. खालच्या आवाजात, एका सुरात. खोटं कशाला बोलू, गुण यायचा. 'एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी'पर्यंत पोरीच्या पापण्या जड व्हायच्या, आणि तिच्या आधी माझ्या. पण पाढा एकदा सुरू केला की दाहेपर्यंत न्यायचाच, मधे सोडायचा नाही, हा त्यांचा शाळेतलाही नियम आणि घरातलाही. पोर चौकावर झोपली तरी दाजी दाहेपर्यंत जाणार, आणि त्यात ती पुष्कळदा पुन्हा उठणार. मग आक्का उठायची. रात्री उठायची, पहाटे उठायची. भाकरी थापता थापता तिची मान पुढं कलायची आणि आम्ही तिला हसायचो. आज लाज वाटते, पण हसायचो.

त्या चैत्रात शेजारच्या गावी देवीची जत्रा होती. आक्काला जत्रेतल्या एकाच गोष्टीचं वेड होतं, रहाटपाळण्याचं. चार खोक्यांचा, माणसांनी हातानं फिरवायचा तो लाकडी पाळणा. लहानपणी ती बसायच्या वयात आली तेव्हा रझाकारांची धामधूम सुरू झाली आणि दोन वर्षं जत्राच भरली नाही. मग लग्न झालं. सासरी सुनेनं पाळण्यात बसायचं म्हणजे सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं. आता सासर लांब राहिलं होतं. दाजींनी शब्द दिला होता, "औंदा तुला बसवतो." आठ दिवस आक्का दुसरं काही बोलत नव्हती. वरच्या खोक्यातनं आपल्या शाळेचं छप्पर दिसंल का, असं तिनं मला दोनदा विचारलं.

अडचण एवढीच होती की जागेपणी पोर आक्काला सोडून कुणाकडं राहायची नाही. आई दृष्टीआड झाली की रडून काळीनिळी व्हायची. म्हणजे ती झोपेल तेव्हाच आक्का पाळण्यात बसणार. आणि त्या गावची रीत अशी की देवीची पालखी देवळाबाहेर निघाली की पाळणा बंद. देवी खालनं चालली असताना माणसानं तिच्या डोक्यावर बसायचं नाही. पालखी निघायची उन्हं कलल्यावर. "मग अडचण कसली?" दाजी म्हणाले. "दीड ते तीन. दीड तास आहे. पन्नास वेळा बस."

शेजारच्या निवृत्तीमामांच्या बैलगाडीतनं आम्ही बाराच्या सुमाराला पोचलो. जत्रेच्या कडेला लिंबाखाली गाडी सोडली, फांदीला आक्काच्या लुगड्याची झोळी बांधली. बरोबर दीडला पिशवीतलं टाइमपीस कोकललं. पोरीनं डोळे उघडले ते पुढं अडीच तास मिटले नाहीत. कारण चारी बाजूंना पिपाण्या, डमरू, आणि पन्नास पावलांवर हलगी. दाजी उठले आणि तरातरा हलगीवाल्याकडं गेले. मी मागं पळालो. दाजी त्याला शांतपणे म्हणाले, "दीड ते तीन जरा थांबता का? पोरीचा निजायचा वक्त आहे."

हलगीवाल्यानं त्यांच्याकडं खालवर बघितलं. "मास्तर, देवीला इचारलंय का?"

"तिचं काही म्हणणं नसंल," दाजी म्हणाले.

मी त्यांना दंडाला धरून परत आणलं. मला तिथंच रडायला यायचं बाकी होतं. आक्का झोळीशी उभी होती आणि तिची नजर पोरीवर नव्हती, माणसांच्या डोक्यांवरनं वर जाऊन खाली येणाऱ्या त्या खोक्यांवर होती. मग दाजींनी ठेवणीतला उपाय काढला. दोरी हातात घेतली, डोळे मिटले आणि हलगीच्या वरताण आवाजात सुरू केलं, "एकोणतीस एके एकोणतीस."

माणसानं विचार करावा, आपण कुठं उभे आहोत. आजूबाजूच्या पाच गावांतली पोरं दाजींच्या हाताखालनं गेलेली, आणि रात्रीच्या प्रौढ वर्गात त्यांचे बापही. मास्तरांनी 'एके' म्हटलं की पुढचं आपण म्हणायचं, हे त्या सगळ्यांच्या हाडात मुरलेलं. "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न," असं बांगड्यांच्या दुकानाकडनं आलं. "एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी," हे रेवड्यांच्या पालापाशी, खणखणीत. चौकाला रहाटपाळण्याच्या वरच्या खोक्यातनं चौघांनी साथ दिली. पंचे झालं तेव्हा हलगीवाला हलगी थांबवून म्हणत होता. सगळी जत्रा एका दमात एकोणतीसचा पाढा म्हणत होती आणि झोळीत पोर बेंबीच्या देठापासून रडत होती. मी ओरडलो, "दाजी, थांबवा हो त्यांना." दाजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांना दिसत होतं काय चाललंय ते. पण पाढा मधे सोडायचा नाही. त्यांनी सगळ्यांना घेऊन तो दोनशे नव्वदपर्यंत नेला आणि मगच दोरी सोडली.

तीन वाजले. साडेतीन वाजले. पोरीला घेऊन आम्ही ओढ्यापर्यंत जाऊन आलो, निवृत्तीमामांनी तिला बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांशी खेळवलं. काही उपयोग झाला नाही. आक्का एकदाच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. म्या न्हाय बसत." ते ज्या आवाजात म्हणाली तो ऐकून मला दाजींचं टाइमपीस ओढ्यात फेकावंसं वाटलं.

आणि चारच्या पुढं कधीतरी पोर गप झाली. पाढा नाही, गजर नाही, आपली आपण. मी उठून पळत सुटलो. पाळण्यापुढं ही रांग होती. मी हातापाया पडून पुढं घुसलो, पाळणेवाल्याला म्हटलं, "माझी बहीण येतीया, एक खोकं धरून ठेवा." तो म्हणाला, "लवकर आणा, देवळात आरती सुरू झाली." मी धापा टाकत लिंबाखाली आलो.

आक्का गाडीच्या चाकाला टेकून झोपली होती. तोंड किंचित उघडं, डोक्यावरचा पदर खाली घसरलेला, एक हात झोळीच्या दोरीत अडकलेला. दाजी तिच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून छत्री धरून उभे होते.

"उठवा तिला, दाजी. खोकं धरलंय."

"हळू बोला."

"अहो, पालखी निघतीया. मग पाळणा बंद."

दाजींनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. त्यांचे डोळे भरून आले होते. "आठ महिने पोरीची झोप मोजतोय मी," ते म्हणाले. "हिची कधी मोजलीच न्हाय, पाव्हणं. राहू द्या हिला."

एक हाक मारली असती तर आक्का उठली असती. माझी बहीण होती, दाजींना विचारायचं मला काही कारण नव्हतं. पण मी हाक मारली नाही. पालखी निघाली, पाळणा थांबला, वरच्या खोक्यातली माणसं उतरून हात जोडून उभी राहिली. हलगी आमच्या अंगावरनं गेली, इतकी जवळनं की बैल बुजले. मायलेकी दोघी जागच्या हलल्या नाहीत.

आम्ही दोघींना तशाच उचलून गाडीत निजवलं. गाडी माळाच्या चढाला लागली तेव्हा आक्का जागी झाली. उठून बसली, मागं बघितलं. जत्रा लांब राहिली होती.

"पाळणा?" तिनं मला विचारलं.

मी मान खाली घातली. दाजी म्हणाले, "तुला झोप लागली होती. मीच उठवू दिलं न्हाय."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं केस सारखे केले, पोरीला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "झोप घरीबी लागली असती की हो. पाळणा घरी कुठनं येणार?"

शाळा तपासणाऱ्या साहेबांना न घाबरणारे दाजी त्यावर पिशवीतलं टाइमपीस काढून उगाच किल्ली देत बसले.

पुढच्या जत्रेच्या आत दाजींची बदली झाली, लांब भूम तालुक्यात, ईट गावाच्या बाजूला. मग दुसरं मूल झालं, मग आक्काला उंचावर गेलं की भोवळ यायला लागली. पाळण्यात ती बसली नाही ती नाहीच. मी मात्र रविवारी जात राहिलो. दुपारी आक्का आत आडवी झाली की दाजी दाराबाहेर पायरीवर येऊन बसायचे. मला लांबनं बघितलं की ओठांवर बोट ठेवायचे. मीही चपला हातात घेऊन त्यांच्या शेजारी बसायचो. तास तास बसायचो दोघं. आत ती खरंच झोपलेली असायची, की नुसतीच आढ्याकडं बघत पडलेली असायची, कुणास ठाऊक. दार ढकलून बघायचं धाडस आम्हा दोघांनाही कधी झालं नाही.