मॅगझीनवाले काकाजी

कागद हातात आला की काकाजी तो लगेच वाचत नसत. आधी चिमटीत धरून चोळत, नाकाजवळ नेत, मग चष्मा चढवत. कविता वाचून झाली की डोळे मिटून निकाल देत, "ओली आहे." कधी म्हणत, "दडपून भरली, आतच विझेल." आणि क्वचित एखाद्या वेळी जरा मागे सरकून कवीकडे पाहत, "ही जपून ने. ही उडते."

आमच्या पांढुर्ण्यात कापसाच्या गाठींपेक्षा कवी जास्त निघतात, हे तुम्हाला ठाऊक नसेल. संत्र्याच्या मोसमात मंडीत बोली लागेपर्यंत माणूस दोन गझला ऐकवून मोकळा होतो. अशा गावात तपासून देणारा जाणकार राहायला यावा, तोही आमच्या गल्लीत, माझ्या भिंतीला भिंत लावून, म्हणजे काय झालं असेल, तुम्हीच विचार करा.

झालं होतं असं. नोकरी संपवून काकाजी मुलाकडे आले. मुलगा रेल्वेत, सदा ड्यूटीवर. पहिल्याच दिवशी पानठेल्यावर कोणीतरी विचारलं, कुठं होते नोकरीला? काकाजी म्हणाले, "मॅगझीनवर होतो." एवढंच. संध्याकाळपर्यंत वाचनालयात बातमी पोचली की एका मोठ्या मासिकाचे संपादक गावात आले. त्याच आठवड्यात शाल आणि नारळ. पुढे मोहगावच्या कविसंमेलनाचं अध्यक्षपद. तिथं ते उठले, माइककडे संशयानं पाहिलं आणि म्हणाले, "शब्द जपून वापरा. लेकरांच्या हाती देऊ नका. आणि काही झालं तरी ढीग करून ठेवू नका." खाली बसले. टाळ्या इतक्या वाजल्या की मंडपाचं कापड फाटलं. साहित्यावर इतकं नेमकं आमच्याकडे कोणी बोललंच नव्हतं.

त्यांच्या नातीचं नाव ईशा. आठवीत होती, आणि आजोबांचा तिला कोण अभिमान. शाळेच्या स्नेहसंमेलनात ती त्यांच्यावर बोलणार होती आणि त्यासाठी तिला मॅगझीनच्या ऑफिसचा फोटो हवा होता. काकाजींनी टाळायला सुरुवात केली. आधी म्हणाले ऊन उतरू दे, मग म्हणाले गुडघा धरला, मग म्हणाले रस्ता खराब आहे. पण दिवाळीच्या सुट्टीत ईशानं माझ्या बायकोला गाठलं, आणि बायकोनं ठरवलं की माझ्या गाडीला आणि मला दोघांनाही नाही म्हणता येत नाही.

निघालो. पुढं मी आणि काकाजी, मागं माझी बायको, त्यांची सून आणि ईशा. सोबत एवढे फराळाचे डबे की गाडी पुढून दोन बोटं वर उचलली गेली होती. सौंसर येईपर्यंत चिवडा संपला. ईशा विचारत होती, ऑफिसात टेबलं किती होती, कवी भेटायला येत का? काकाजी प्रत्येक प्रश्नाला "पाहू ना" म्हणत होते. सूनबाई खिडकीबाहेर पाहत होत्या.

रामाकोन्याला चहाला थांबलो. बायका हॉटेलात बसल्या. काकाजींनी मला गाडीमागं नेलं आणि हळूच विचारलं, "बाबू, गाडी बिघडवता येते का?"

"येते की. पण काहून?"

"ते मॅगझीन छापायचं नाही. दारू ठेवायचं."

माझ्या डोळ्यांसमोर तर बाटल्यांची रांगच उभी राहिली. ते चिडले. "सुरुंगाची दारू, बाप्पा!"

तेव्हा कळलं. खाणीतली स्फोटकं ज्या कोठारात ठेवतात त्याला मॅगझीन म्हणतात, आणि काकाजी तिथले चौकीदार होते. मुलाला आणि सुनेला माहीत होतं. पण म्हाताऱ्याच्या दारात माणसं येतात, हे त्यांना मोडवत नव्हतं.

"पहिल्या दिवशीच सांगायचं ना, काकाजी."

"सांगणारच होतो. तं शाल आणली त्यांनी." मग म्हणाले, "सारी नोकरी एकट्यानं काढली मी. तिथं बाजूला कोणाले बसूच देत नाहीत. इथं आलो तं लोक कागद घेऊन येऊन राहिले. कसं सांगू? आता ह्या पोट्टीनं साऱ्या शाळेत सांगून ठेवलं, आबाजी संपादक. तिले तिथं नेऊन काय कुलूप दाखवू?"

खोटं बोलण्यात माझा हात धरणारा तालुक्यात नाही. पुढच्या वळणावर मी गाडी थांबवली, बोनेट उघडलं आणि जे भाग अजून कोणी बनवलेलेच नाहीत त्यांची नावं घेत हळहळायला लागलो. ईशा शेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, "काका, गाडी तं चालूच आहे." मागून बायको म्हणाली, गावाला फसवून झालं, आता इंजिनालाही फसवून राहिले. काकाजी खाली उतरले. "राहू दे, बाबू. चल."

खाणीची कॉलनी मागं पडली. पुढं टेकडीच्या कुशीत काटेरी तारेचं कुंपण, आत मातीचा बांध आणि बांधाआड एक ठेंगणी खोली. भोवती झाड नाही, घर नाही. फाटकावर पाटी. ईशानं मोठ्यानं वाचली, "मॅगझीन." आणि खाली, "विस्फोटक भंडार."

 ती काकाजींकडे वळली.

"छपाई कुठं होत होती, आबाजी?"

"छपाई नव्हती. मी चौकीदार होतो इथं."

तिनं खोलीकडे पाहिलं. "एकटेच?"

"एकटाच."

"आणि फुटलं असतं तं?"

"फुटू नाही द्यायचं म्हणूनच बसवलं होतं."

"भेव नाही वाटत होतं?"

"रोज वाटे."

तिनं फोन काढला. म्हणाली, उभे राहा. ते पाटीपुढं उभे राहिले, ताठ, हात मांडीला चिकटवून, आणि असे नेमके की वरचं मॅगझीन दिसावं आणि खालची ओळ खांद्याआड जावी. ईशानं फोनमध्ये पाहिलं.

"आबाजी, जरा बाजूले सरका. खालचं दिसून नाही राहिलं."

ते सरकले.

स्नेहसंमेलनात तिनं सगळं सांगितलं. गावातल्या कवींनी काही दिवस गल्लीतून जाणं सोडलं. मग एकेक करून परत आले, आधीपेक्षा जास्त घाबरून.

गेल्या हिवाळ्यात काकाजी गेले. भिंतीवर तोच फोटो लावला. चंदनाचा हार मी आणला, आणि माझ्या स्वभावाप्रमाणे गरजेपेक्षा मोठा आणला. तो पाटीच्या खालच्या ओळीवर लोंबत होता. ईशा स्टुलावर चढली, हाराला मागून एक गाठ मारली आणि तो आखूड केला.